शंकेची जोडी बाजूला ठेव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. बुटांच्या रिसेल गोदामात पॅकिंगवरून काढून तुला तपासणीच्या टेबलावर, म्हणजे विकायला आलेले बूट खरे की नकली ते बघायला बसवलं, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून मात्र चैन पडेना. तासाला कोणी किती जोड्या काढल्या याचा बोर्ड भिंतीवर लागतो, त्यात तुझं नाव खाली असतं, म्हणून आता हात पटापट चालवायला शिकतोय, असं तू लिहिलंस. हात जरूर चालव. डोळ्यांना घाई करू नकोस, एवढं सांगायला मी हे पत्र लिहायला बसलेय. फोनवर हे नीट बोलणं होत नाही.

जुने-नवे बूट मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकत घेणारी माणसं असतात, हे मला आधी पटतच नव्हतं. मग तू सांगितलेलं आठवून थोडं वाचलं. 1985 साली नाइकीने बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाने पहिला एअर जॉर्डन बूट बाजारात आणला, तेव्हापासून बूट जपून ठेवायची आणि हौसेने मिळवायची वस्तू होत गेले. कंपनी मुद्दाम मोजक्याच जोड्या काढते आणि मागणी त्याच्या कैक पट असते. 2005 साली न्यूयॉर्कमध्ये कबुतराचं चित्र असलेला एक बूट निघाला, तेव्हा दुकानाबाहेर एवढी झुंबड उडाली की पोलिसांना यावं लागलं. मग ज्याला रांगेत बूट मिळाला तो विकणारा, ज्याला मिळाला नाही तो घेणारा, आणि दोघांच्या मधे तुमचं गोदाम.

या मधल्या जागेचा मी बराच विचार केला. विकणाऱ्याने घेणाऱ्याला पाहिलेलं नसतं. घेणाऱ्याने फक्त फोटो पाहिलेले असतात आणि पैसे आधीच भरलेले असतात. त्या सगळ्या व्यवहारात बूट प्रत्यक्ष हातात घेऊन, उजेडात धरून पाहणारा आणि भाव चढला-उतरला तरी ज्याच्या खिशात फरक पडत नाही असा माणूस एकच, तो तू. असेच बूट तपासून पुढे पाठवणारी 'गोट' नावाची कंपनी 2015 साली सुरू झाली त्यामागचं कारण हेच. तिच्या संस्थापकांपैकी एकाने हौसेने ऑनलाइन एअर जॉर्डन 5 मागवला आणि घरी आली ती नकली जोडी. तुझ्या टेबलाची गरज तिथून निर्माण झाली.

तुला ठाऊकच आहे, माझी नोकरी कपड्याच्या कारखान्यात चेकिंगला गेली. ट्यूबलाइटखाली टेबल, समोर शर्टांचा ढीग. वरवर पाहिलं तर शिवण सरळच दिसते. दोन्ही अंगठ्यांनी ती आडवी ताणली की मग सुटलेला टाका उघडा पडतो. महिनाअखेरीला माल निघायची घाई असायची आणि सुपरवायझर पाठीशी उभा राहून म्हणायचा, "ताई, बघत काय बसलात, पास करा." ताणून बघायला लागणारे ते दोन क्षण त्याला वाया गेल्यासारखे वाटायचे. पास केलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी मात्र माझ्या नंबरची लागायची. माल परत आला की सुपरवायझरच्या घाईची नोंद कुठेच सापडत नसे, चिठ्ठीवरचा नंबर तेवढा सापडे. तुझ्याकडेही स्कॅनर तुझ्याच लॉगिनवर चालतो ना? मग हे लक्षात ठेव.

वेग वाढवायचा असेल तर त्याची रीत आहे. दर वेळी क्रम एकच ठेवायचा. आधी खोक्यावरचं लेबल, मग बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल. नाइकीचा असेल तर आधी सहा अक्षरं-आकडे आणि पुढे तीन आकडे असा कोड दोन्हीकडे तोच आहे ना, ते वाचायचं. नुसती नजर फिरवायची नाही, कोड मनात उच्चारायचा. मग साइझ, आणि ती डाव्या-उजव्या दोन्ही बुटांची, कारण एक पाय नऊचा आणि दुसरा साडेनऊचा अशी जोडीही येऊ शकते. साइझमध्ये गफलत फार होते. नाइकीचा पुरुषांचा ब्रिटिश आठ म्हणजे अमेरिकन नऊ, पण आदिदासचा ब्रिटिश आठ म्हणजे अमेरिकन साडेआठ. नाइकीत बायकांचा अमेरिकन आकडा पुरुषांपेक्षा दीडने जास्त. हे तोंडपाठ कर, दर वेळी तक्ता उघडत बसू नकोस. मग टाचेचा आकार, टाके, इनसोल म्हणजे आतली गादी काढून खालचा गोंद, वास, शेवटी तो अतिनील किरणांचा जांभळा दिवा. मधे कोणी हाक मारली, बोलण्यात लक्ष गेलं, तर जिथे थांबलास तिथून पुढे जाऊ नकोस, पहिल्यापासून सुरू कर. असा क्रम हातात बसला की वेग आपोआप येतो. क्रम मोडून जो वेग येतो तो बोर्डावर चांगला दिसतो एवढंच.

अजून एक. विकणारा जुना आहे, त्याचा आजवरचा सगळा माल पास झालाय, ही माहिती स्क्रीनवर दिसत असेल तर बूट बघून झाल्यावर वाच. आधी वाचलीस की डोळे सवलत देतात. आमच्याकडे चांगल्या कारागिराच्या ढिगातच खराब नग सर्वांत जास्त निसटायचे, कारण तिथे कोणी ताणून बघत नसे.

ओरिजनल म्हणजे निर्दोष, असं मात्र धरून चालू नकोस. एकच बूट दोन-तीन कारखान्यांत बनतो, कुठे गोंद जरा बाहेर आलेला असतो, कुठे धागा लोंबत असतो. उलट फर्स्ट कॉपीवाला शिवण अगदी जपून घालतो, कारण तुम्ही लोक काय बघता हे त्यालाही आता माहीत आहे. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, पासही करू नये आणि नापासही. जो खरा बूट तू खोटा ठरवशील तो कोणाचा तरी असतो. त्याने रात्रभर जागून मिळवलेला असेल, आणि तुझ्या एका शिक्क्याने तो चोर ठरतो. याचाही विचार तपासणाऱ्याने करायचा असतो.

मोठमोठ्यांनाही हे काम शंभर टक्के जमलेलं नाही. स्टॉकएक्स ही या धंद्यातली केवढी मोठी कंपनी, तिने 2022 साली जोड्या 'अस्सल असल्याची खात्री केली' असं म्हणणं सोडून नुसतं 'तपासली' असं म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी नाइकीने तिला कोर्टात खेचलं होतं, आणि 2025 मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी 37 नकली जोड्या विकल्याबद्दल तिला जबाबदार धरलं. एवढी यंत्रं, एवढी शिकवलेली माणसं असूनही. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. सांगायचं एवढंच की 'मला खात्री नाही' असं म्हणणं हा तुझ्या कामाचाच भाग आहे. शंका आली की जोडी बाजूला ठेव, चिठ्ठीवर नेमकं काय खटकलं ते लिही, आणि ज्येष्ठ माणसाला दाखव. 'काहीतरी गडबड वाटते' असं लिहू नकोस. 'उजव्या टाचेचा टाका डाव्यापेक्षा तिरका' असं लिही. पुढचा माणूस त्यावरूनच शिकतो आणि तूही शिकतोस.

तू मागे पाठवलेला तो फोटो मी कितीदा उघडून पाहिला. खोकं कोरं, कागदाची घडी न मोडलेली, बूट एकदाही पायात न घातलेला, आणि हातात घेतल्याबरोबर तळ भुगा होऊन टेबलावर पडलेला. तू म्हणालास, तळाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं, हवेतला दमटपणा हळूहळू त्यात शिरतो आणि त्याची बांधणीच तोडतो. वापरा वा न वापरा, वर्षं गेली की ते व्हायचंच. मला फार वाईट वाटलं. कोणीतरी किती जिवापाड सांभाळला असेल तो बूट, पेटाऱ्यातल्या पैठणीसारखा! म्हणून जुनी जोडी आली की आतल्या लेबलावरची तारीख आधी बघ, आणि तळाची कड अंगठ्याने हलकेच दाबून बघ. कडक लागली, बारीक चिरा दिसल्या, तर 'नवी, न वापरलेली' एवढं लिहून पुढे पाठवू नकोस. ते खोटं नसलं तरी घेणाऱ्याचा पाय त्यात जायचा आहे. जिन्यावरून उतरताना तळ सुटला तर? हे कोणाच्या यादीत नसेल तर तू सुचव. नवा आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

पैशांचं बोलते, रागावू नकोस. भाव दिवसभर डोळ्यांपुढे चढत-उतरत असतात, तेव्हा पगारातून दोन-चार जोड्या घेऊन ठेवाव्यात असं मनात येणारच. घेऊ नकोस. 2021 साली निघालेला नाइकीचा तो काळा-पांढरा डंक बूट, ज्याला सगळे पांडा म्हणतात, त्याचं काय झालं ते तूच मला सांगितलंस. कंपनीने पुन्हा पुन्हा माल सोडला आणि साठवून बसलेल्यांचा नफा विरघळला. नळ कंपनीच्या हातात आहे, आपल्या नाही. त्याच वर्षी नाइकीच्या उत्तर अमेरिका विभागाच्या प्रमुख अॅन हीबर्ट यांनी नोकरी सोडली. त्यांच्या मुलाचा रिसेलचा, म्हणजे बूट घेऊन चढ्या भावाने विकायचा धंदा होता आणि बूट घ्यायला आईच्या नावाचं क्रेडिट कार्ड वापरलं गेल्याचं छापून आलं. पंचवीस वर्षांची नोकरी होती. ते वाचल्यापासून माझ्या मनात राहिलंय. तू जिथे तपासणीला बसतोस तिथल्या मालात तुझा स्वतःचा पैसा, मित्राचा पैसा, मामेभावाचा पैसा असता कामा नये. 'अमुक जोडी कधी येते ते कळव' असं कोणी म्हणालं तर हसून विषय टाळू नकोस, स्पष्ट नाही म्हण. रिकामा खोका, सुटी लेससुद्धा घरी आणू नकोस. खरा खोका नकली बुटाला किती कामाचा असतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता तब्येतीचं. पुठ्ठ्याने बोटांचा ओलावा शोषला जातो, कातडी फाटते, म्हणून शिफ्ट संपली की हात धुऊन काहीतरी लाव. कटर स्वतःकडे ओढून टेप कापू नकोस, बाहेरच्या बाजूला काप. जांभळ्या दिव्याकडे सरळ बघू नकोस. वरच्या रॅकवरचा माल शिडी लावून काढ, खालच्या फळीवर पाय देऊन चढायचं नाही. सिमेंटच्या फरशीवर तासन्‌तास उभं राहून माझे गुडघे गेले, ते तू बघतोस. दिवसभर दुसऱ्यांचे बूट हाताळतोस, तुझ्या पायात मात्र तळ झिजलेले असतात. पहिल्या पूर्ण पगारात स्वतःसाठी चांगले, जाड तळाचे बूट घे, नाव कुठलंही असो. संध्याकाळी जाऊन घे, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच खरं माप कळतं.

आणि बोर्डाचं काय करायचं ते सांगते. सुपरवायझरला एकटं गाठ आणि विचार की शंकेच्या जोड्या मोजणीत धरतात का. धरत नसतील तर सगळी मुलं शंका गिळून पास करत असणार, हे त्यालाही समजेल. बाजूला काढलेल्या जोड्यांसाठी वेगळा रॅक माग, आणि त्यातल्या किती पुढे नकली निघाल्या ते महिनाभर तुझ्या वहीत लिहून ठेव. आमच्याकडे एका बाईने असंच लिहून दाखवलं होतं, तेव्हा कुठे आमच्या टेबलावर दुसरी ट्यूबलाइट आली. तो काय म्हणाला ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई