ड्रिलच्या पेटीतली चिठ्ठी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

पेटी उघडल्यावर सगळ्यात वर ही पानं सापडतील. मुद्दामच वर ठेवली आहेत. तळाशी ठेवली असती तर चार भोकं पाडून झाल्यावर, पाचव्यासाठी बिट, म्हणजे ड्रिलला लावायचं भोक पाडणारं टोक, शोधताना ती तुझ्या हाती लागली असती. परवा फोनवर तू म्हणालास, "त्यात काय आई, बटण दाबायचं आणि रेटायचं." तेव्हा मी गप्प बसले, कारण बाबा शेजारीच होते आणि आता जे सांगणार आहे ते त्यांनाही अर्धंच माहीत आहे.

माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी पांढरी रेघ आहे बघ. लहानपणी तिच्यावरून बोट फिरवत तू विचारायचास, आणि मी चाकू लागला म्हणायचे. तो चाकू नव्हता. आता तुझ्या पुढ्यात आहे तेच ड्रिल होतं.

झालं असं, की लोखंडाच्या एका पातळ पट्टीला एकच भोक हवं होतं. वस्तू आवळून धरणारा शिकंजा माळ्यावर. एका भोकासाठी वर कोण चढणार! पट्टी डाव्या हाताने टेबलाच्या कडेला दाबून धरली आणि उजव्या हाताने ड्रिल चालवलं. त्यावर आणखी शहाणपणा म्हणजे, बोट अवघडू नये म्हणून ट्रिगरच्या बाजूचं लॉकचं बटणही दाबून ठेवलं. भोक पडत होतं तोवर सगळं सुरळीत होतं. बिटाचं टोक पलीकडे निघालं आणि भोकाच्या काठाला उरलेला पातळ पत्रा बिटाच्या खोबणीत अडकला. पट्टी हातातून सुटली आणि बिटाबरोबर पंख्याच्या पात्यासारखी गरगरली. मी बोट उचललं तरी मशीन थांबेना. लॉक लागलंय हे ध्यानात यायला आणि ट्रिगर पुन्हा दाबून सोडायला जेमतेम दोन सेकंद लागले असतील. तेवढ्यात व्हायचं ते झालं. चार टाके पडले. बाबांना मी "पट्टी लागली" एवढंच सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

नंतर हात बांधलेला असताना दुसरा उद्योग नव्हता, म्हणून हिशोब मांडून बघितला. आपलं ड्रिल मोकळं फिरताना मिनिटाला ३,००० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला ५०. काहीतरी बिघडलंय हे कळून बोट सुटायला, माणूस कितीही चपळ असला तरी, पाव सेकंद जातोच. पाव सेकंदात बारा फेरे झाले. चकचा, म्हणजे बिट पकडून फिरणाऱ्या जबड्याचा, घेर साधारण १२ सेंटिमीटर धर. म्हणजे तुला काही समजायच्या आत तो जवळजवळ दीड मीटर लांबीचं काहीही स्वतःभोवती गुंडाळून घेतो. तुझे केस दीड मीटरपेक्षा बरेच आखूड आहेत. ते काप असं मी म्हणत नाही, म्हणून उपयोगही नाही; पण ड्रिल हातात घेताना घट्ट बांधून टोपीत कोंब. बाह्या कोपराच्या वर, हुडीची दोरी आत, गळ्यातलं काढून बाजूला. आणि हातमोजे घालू नकोस. हे तुला उलटं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण मोज्याचं एक सुटं टोक बिटाला लागलं की मोजा आतल्या बोटासकट पिळत जातो. मोजे घालायचेच तर मशीन बंद करून बिट बदलताना घाल, कारण लोखंडातून नुकतंच बाहेर आलेलं बिट चांगलाच चटका देतं.

ड्रिलची मूठ पिस्तुलासारखी असते ती पहिल्यापासून तशी नव्हती. हातात धरता येणारं पहिलं विजेचं ड्रिल १८९५ साली जर्मनीत, स्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी केलं. पिस्तुलाची मूठ आणि बोटाखालचा ट्रिगर त्यानंतर वीसेक वर्षांनी आला. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला त्याचं पेटंट १९१७ साली मिळालं. मूठ सुटली की मशीन बंद, एवढ्याचसाठी मला तो ट्रिगर आवडतो. लॉकचं बटण नेमकी हीच सोय काढून घेतं. स्टँडवर पक्क्या बसवलेल्या ड्रिलला ते ठीक आहे, हातातल्या ड्रिलला नाही. शिवाय लॉक लागलेलं असताना वीज गेली आणि तू मशीन तसंच टेबलावर ठेवून चहा करायला गेलास, तर वीज आल्यावर ते तुझी वाट बघणार नाही. म्हणून प्लग लावण्याआधी ट्रिगर एकदा दाबून सोडायचा. लॉक असेल तर तिथेच सुटतं.

आता शेवटच्या दोन मिलिमीटरबद्दल. लोक सुरुवातीला जपून असतात आणि भोक अर्ध्यावर गेलं की निर्धास्त होतात. धातूत आणि लाकडात खरा धोका बिट पलीकडे निघताना असतो, तोही अंगाचा सगळा भार मशीनवर टाकलेला असताना. बिट खोबणीत पत्रा पकडतं, ते फिरायचं थांबतं, पण मोटर थांबत नाही. मग बिटाऐवजी मशीन फिरू बघतं आणि ते तुझ्या मनगटात असतं. म्हणून आवाज ऐकत राहा. बिट पार जायला आलं की आवाज मोकळा होतो. तिथे जोर काढून घे, वेगही कमी कर. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेव, म्हणजे बिटाला पलीकडेही चावायला काहीतरी मिळतं आणि लाकडाच्या मागच्या बाजूला ढलप्या निघत नाहीत. वस्तू नेहमी शिकंज्यात. छोटी असली तर जास्तच, कारण छोटी वस्तू पटकन सुटते. पेटीत बाजूला लावायचा एक दांडा आहे. तो अडचण करतो म्हणून बरेच जण पेटीतच ठेवतात. तू लाव. मनगटावर येणारा पीळ दुसऱ्या हाताला वाटून घेता येतो.

लोखंडाला पंचने आधी खूण पाड, नाहीतर बिट घसरत हिंडतं. आधी बारीक बिट, मग मोठं. बिट जितकं जाड तितका वेग कमी: साध्या लोखंडात ६ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला दीड हजार फेरे चालतात, १२ च्या बिटाला त्याच्या निम्मे. तेलाचा एखादा थेंब सोड. निघालेला कीस बोटाने झटकू नकोस, फुंकू तर मुळीच नकोस, ब्रश ठेवलाय.

तुला भिंतीवर शेल्फ लावायचंय, तेव्हा खरा विषय भिंत. भिंतीत काय दडलंय ते भिंत सांगत नाही. स्विचबोर्डच्या आणि सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असणार असं धरूनच चाल. पण वायरिंग करणाऱ्याने कुठे तिरका शॉर्टकट मारला असेल तर या नियमाचा काही उपयोग नाही. भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा ओटा आहे का तेही जाऊन बघ. नळ त्या बाजूला दिसला तरी पाइप भिंतीच्या पोटात असतो. धातू आणि चालू वायर ओळखणारं छोटं यंत्र मिळतं, ते कुणाकडून तरी मागून आण. तेही चुकतं, म्हणून त्याच्या जोडीला त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डातला वीज तोडणारा स्विच, खाली कर आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घे. वायर गुंडाळीची असेल तर सगळी उलगड. गुंडाळलेल्या वायरवर भार आला की ती आतल्या आत तापते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बोर्डात आहे का हे घरमालकांना विचार आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून बघ.

मशीनच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण दिसेल. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, म्हणूनच त्याच्या प्लगला अर्थिंगची पिन लागत नाही. पण ते संरक्षण मशीनच्या आतल्या बिघाडापासून आहे. बिट चालू वायरमध्ये घुसलं तर चकमध्ये वीज येऊ शकते. तेव्हा हात मुठीवर आणि त्या दांड्यावर. दोन बोटांनी चक सावरायची सवय मला होती. ती तू उचलू नकोस.

भोक सुरू झालं की धूळ बघ. आधी गिलाव्याची फिकट, मग वीट असेल तर लाल, काँक्रीट असेल तर राखाडी. एवढ्यावरून आत काय आहे ते कळतं. काँक्रीटमध्ये बिट एकाएकी पुढे जायचं थांबलं आणि आवाज चिरका झाला तर समोर सळई आहे. तिच्याशी भांडू नकोस, दोन इंच बाजूला सरक. उलट बिट एकदम आत गेलं तर पोकळी असेल, नाहीतर काहीतरी फुटलं असेल. थांब आणि बघ. किती खोल जायचं ते बिटाला चिकटपट्टी गुंडाळून ठरवून घे. गिट्टीच्या, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या नळीच्या, लांबीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त पुरे.

हॅमरची, म्हणजे बिट फिरताना ठोकेही देणारी, कळ फक्त वीट आणि काँक्रीटला, तीही टोकाला कार्बाइड बसवलेलं बिट असेल तर. टाइलवर हॅमर लावलास तर टाइल तडकेल. टाइलवर चिकटपट्टीची फुली मार, टाइलचं बिट लाव, अगदी हळू सुरू कर आणि टाइल पार झाल्यावरच भिंतीसाठी बिट आणि कळ बदल. हॅमर लावल्यावर आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबलला आठ तास चालतं असं मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. तू स्वतःच मोज, १०० ला फक्त पंधरा मिनिटं उरतात. कानात बोळे घाल. गाणी ऐकायची ती यंत्रं घालू नकोस, ती घालून तू आवाज आणखी वाढवशील.

धुळीसाठी एन ९५ मास्क आहे, रुमाल बांधून भागवू नकोस. काँक्रीटच्या धुळीतला बारीक सिलिका फुप्फुसात बसतो तो बसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवलंय. आणि छतात ॲसबेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडूच नकोस.

गॉगल. तुला चष्मा आहे म्हणून तू टाळशील, मला माहीत आहे. चष्म्याच्या बाजू उघड्या असतात. पेटीतला गॉगल चष्म्यावरून बसतो, मी बाबांच्या नाकावर चढवून खात्री केली.

शिडीवर चढावं लागलं तर हात लांबवून भोक पाडू नकोस. उतर, शिडी सरकव, पुन्हा चढ. जमिनीवर बिट अडकलं तर मनगट दुखतं, शिडीवर अडकलं तर माणूस खाली येतो. खाली कुणीतरी धरायला असू दे. आपल्याकडे ते काम बाबांचं आहे आणि ते पूर्ण वेळ वर न बघता "झालं का?" विचारतात. तुला जरा बरा मदतनीस मिळो.

बिट अडकलंच तर ट्रिगर सारखा दाबत राहू नकोस. सोड, प्लग काढ, मग चक हाताने उलटा फिरवून सोडव. मित्राचं बॅटरीचं मशीन वापरलंस तर प्लगऐवजी बॅटरी काढायची, निदान दिशेची कळ मधोमध आणून ठेवायची. त्याच्यावरची आकड्यांची रिंग स्क्रू पिळण्यासाठी असते; ठरावीक जोर झाला की आतला क्लच सुटतो आणि पीळ थांबतो. भोक पाडायला बिटाच्या चित्रावर आणलीस की तो क्लच सुटत नाही, म्हणजे तेही मनगट पिळू शकतं.

राहिली चावी. चक घट्ट करून चावी त्यातच विसरायची आणि ट्रिगर दाबायचा, हे प्रत्येक जण एकदा तरी करतो. ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. म्हणून मी ती प्लगपासून वीतभर अंतरावर वायरलाच बांधली आहे. प्लग भिंतीत असेल तर चावी चकपर्यंत पोचत नाही. एक्स्टेंशनचा बोर्ड पायाशीच असला तर पोचते, तेव्हा तिथे लबाडी करू नकोस. दोरी आखूड आहे, मुद्दाम आखूड आहे, कापू नकोस.

रेघेचं बाबांना तू सांगू नकोस. मीच सांगेन. फक्त ते शिडी धरून उभे असताना नको, मी खाली उतरल्यावर.

तुझी,
आई