विभव आणि क्षेत्र हाताने मोजायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बारावीला तुम्ही आम्हाला स्थिरविद्युत शिकवलंत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही केलंत ते आणखी शिक्षकांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

विभव म्हणजे एखाद्या बिंदूवर एकक प्रभारामागे असलेली ऊर्जा, व्होल्टमध्ये मोजतात ती. विद्युत क्षेत्र म्हणजे अंतरानुसार हा विभव बदलण्याचा दर, आणि त्याच्यापुढे एक उणे चिन्ह. एवढं पाठ केलं की गणितं सुटतात, मार्कही मिळतात. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. प्लास्टिकचा उथळ ट्रे, त्याच्याखाली आलेखाचा कागद, आत जेमतेम तळ झाकेल एवढं नळाचं पाणी, समोरासमोर पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि ६ व्होल्टची बॅटरी. पट्ट्यांमध्ये अंतर १२ सेंमी. मल्टिमीटरची काळी पिन ऋण पट्टीला लावून लाल पिन पाण्यातून सरकवत नेली, तर दर सेंटीमीटरला साधारण अर्धा व्होल्ट वाढत गेला. म्हणजे मीटरला ५० व्होल्ट. हेच क्षेत्र, न्यूटन प्रति कुलोममध्ये लिहिलं तरी आकडा तोच.

मग तुम्ही काळी पिन काढून बरोबर मध्यावर बुडवलीत. मध्यावर शून्य आलं, ऋण पट्टीकडची वाचनं उणे झाली, पण सेंटीमीटरमागे अर्धा व्होल्ट जिथल्या तिथे! शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवतो, उतार, म्हणजे दर सेंटीमीटरमागचा फरक, मात्र आपल्या ठरवण्याने बदलत नाही. ‘विभव शून्य म्हणजे क्षेत्रही शून्य’ हा गैरसमज त्या एका हालचालीने निकालात निघाला.

त्याची दुसरी बाजूही तुम्ही दाखवलीत. काळी पिन परत ऋण पट्टीला, आणि ट्रेच्या मधोमध धातूचं कडं. कड्याच्या आत लाल पिन कुठेही टेकवा, ३ व्होल्टच. विभव आहे, क्षेत्र नाही. कड्याबाहेर, पट्ट्यांच्या बाजूला, आकडे भराभर बदलत होते. समान विभवाचे बिंदू कागदावर जोडले तेव्हा भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषाच समोर आल्या: दाटल्या तिथे कडा, विरळ तिथे पठार. उणे चिन्हाचा अर्थही तिथेच कळला. क्षेत्र उताराच्या दिशेने असतं, आणि धन प्रभार तिकडेच ढकलला जातो.

मॅडम, आज मी विद्युत उपकेंद्रांच्या अर्थिंगचं काम करते. लाइनमध्ये फॉल्ट झाला की हजारो अँपिअर जमिनीत शिरू शकतात आणि तिथल्या जमिनीचा विभव चढतो. चालणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततो तो त्याच्या दोन पावलांमधला फरक. आम्ही त्याला स्टेप व्होल्टेज म्हणतो. म्हणून जमिनीखाली वाहकांची जाळी घालून हा उतार सौम्य करायचा, आणि वर खडी पसरायची, म्हणजे पायांतून शिरणारा प्रवाह कमी होतो. तुटलेल्या तारेपासून दूर जाताना पाय जुळवून, अगदी छोटी पावलं टाकत जायला सांगतात ते यासाठीच. झाडावर वीज पडली की खाली उभी गुरं दगावतात, त्याचं एक मोठं कारणही हेच: पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्यांच्यामधला विभवाचा फरकही जास्त.

हे सगळं करताना मला सूत्राआधी त्या कागदावरच्या रेषा दिसतात. सिलॅबस संपवायची घाई होती, परीक्षेत या प्रयोगाला मार्क नव्हते, तरी तुम्ही प्रत्येकीच्या हातात पिन दिलीत आणि शेवटच्या बाकावरचीचं वाचन होईपर्यंत थांबलात. त्याबद्दल तुमची मी फार ऋणी आहे.

हे वाचणाऱ्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना एकच विनंती: साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. मुलांना एकदा हे मोजू द्या.

तुमची विद्यार्थिनी