छायाचित्र उजळले, कापसावरचे डाग गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवकाळी पावसात भिजलेल्या कापसाच्या वेचणीचे छायाचित्र आपण नुकतेच पहिल्या पानावर छापले. पऱ्हाटीच्या ओळी, वाकलेल्या बाया, कमरेच्या झोळ्या सारे नेमक्या जागी आले आहे. आक्षेप आहे तो छपाईपूर्वी त्यावर झालेल्या संस्कारांना.

पदराच्या सावलीतले चेहरे दिसावेत म्हणून संपूर्ण चित्राचे एक्स्पोजर, म्हणजे उजेडाची पातळी, सरसकट वाढवलेले दिसते. चेहरे उजळले खरे, पण मुळातच उजळ असलेली बोंडे 255 या, म्हणजे निव्वळ पांढऱ्याच्या, टोकाला जाऊन पोचली, आणि तिथे पोत उरत नाही, नुसता कोरा कागद उरतो. भिजलेला कापूस पिवळसर, मळकट होतो आणि खरेदी केंद्रावर त्याची प्रत याच रंगावरून व ओलाव्यावरून ठरते (ओलावा 12 टक्क्यांवर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, माल घेत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे). बातमी नुकसानीची आणि चित्रात पांढराशुभ्र कापूस, अशाने नुकसानीचा पुरावाच चित्रातून गेला. फक्त सावल्या उचलून, म्हणजे उजळवून, हायलाइट (सर्वांत उजळ भाग) किंचित खाली आणले असते, तर चेहरे आणि डाग दोन्ही राहिले असते. पूर्वी डार्करूममध्ये एन्लार्जरच्या, म्हणजे फिल्मवरून कागदावर मोठे चित्र उमटवणाऱ्या यंत्राच्या, प्रकाशात हात आडवा धरून चित्राचा तेवढाच भाग उजळवत, ते याचसाठी.

शार्पनिंगचेही, म्हणजे चित्र धारदार करण्याचेही, तेच. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात, म्हणून पडद्यावर जरा जास्त वाटेल एवढे शार्पनिंग छपाईला लागते, हे मान्य. मात्र त्याने नवा तपशील निर्माण होत नाही, कडांवरचा उजेड-अंधाराचा फरक तेवढा वाढतो. येथे रेडियस, म्हणजे कडेभोवती हा परिणाम किती रुंद पसरावा ते माप, मोठा ठेवल्याने पदर आणि आकाश यांच्या मध्ये पांढरी किनार उमटली आहे, आणि उचललेल्या सावल्यांतला नॉइजही (दाणेदारपणा) धारदार होऊन बायांचे चेहरे खरबरीत झाले आहेत. आधी एक्स्पोजर, मग छपाईचा आकार आणि सर्वांत शेवटी, त्वचा व आकाश वगळून, कमी रेडियसचे शार्पनिंग, असा क्रम आपल्या छायाचित्र विभागाने ठेवावा.

कॅमेऱ्यातली मूळ फाइल, विशेषतः रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातली, जपलेली असेल तर बोंडांचा रंग तिच्यात बहुधा शाबूत असेल. ते चित्र नव्याने सिद्ध करून पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक व व्यवसायाने छायाचित्रकार
ता. घाटंजी, जि. यवतमाळ