ताई, तुम्ही ‘लिनक्स टाका’ म्हणाला नाहीत

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

लिनक्सवरचं आमचं काम विंडोजवर चालतं करून दिल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘बरं बरं, ते लॉग पाठव’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

हळदीच्या सौद्यांनंतर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, काढायच्या आमच्या बॅश स्क्रिप्ट (ओळीनं हुकूम लिहिलेल्या छोट्या फायली) लिनक्सवर लिहिलेल्या. लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, आणि इकडे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दुकानांत सगळं विंडोज. ज्याला विचारावं तो सांगायचा, लिनक्स टाका. अहो, मग दिवाणजींनी टॅली कशावर चालवायची? विंडोज तिथं कुणाच्या अडाणीपणामुळे नाही, कामामुळे आहे. तुम्ही मात्र आधी विचारलंत, ‘मशीनं कोणती आहेत? रॅम किती?’ तेव्हाच वाटलं, आता काम होणार.

मी डब्ल्यूएसएलचं, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीचं, नाव काढलं, तर म्हणालात, ‘तुझ्या लॅपटॉपवर खुशाल वापर.’ त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालतो. दुकानातल्या जुन्या पीसीवर तो भार कशाला? शिवाय सी ड्राइव्हवरच्या फायली तिथून संथ वाचल्या जातात. म्हणून तुम्ही एमसिस-२ निवडलंत, म्हणजे बॅशसारखी लिनक्सवरची साधनं थेट विंडोजवर चालवणारा संच.

ओळींच्या शेवटाचा घोळ लवकर मिटला. विंडोजवर ओळ संपते ती कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशा दोन चिन्हांनी, युनिक्सवर (लिनक्स त्याच घराण्यातलं) एकाच. इथं सेव्ह केलेली स्क्रिप्ट आमच्या लिनक्स सर्व्हरवर गेली की ते न दिसणारं जादा चिन्ह पहिल्याच ओळीत अडायचं. स्क्रिप्टच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची सेटिंग मशीनगणिक बदलत फिरण्यापेक्षा तुम्ही स्क्रिप्टसोबतच राहणाऱ्या गिटॲट्रिब्यूट्सच्या फायलीत नियम लिहून टाकलात.

खरं दुखणं वेगाचं होतं. लिनक्सवर चहा ओतेपर्यंत होणारं काम इथं रांगायचं. युनिक्समध्ये फोर्क आहे, म्हणजे चालू प्रोसेसची (चालत असलेल्या प्रोग्रामची) जुळी प्रत काढता येते. विन-३२ मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रामना ज्या सोयी देतं त्यांत, तशी सोय नाही. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सुरू झालेल्या सिगविननं त्याची नक्कल करून दिली, आणि एमसिस-२ त्याच पायावर उभं आहे: आधी नवी प्रोसेस उभी करायची, मग जुनीची मेमरी तिच्यात उतरवायची. हे महागात पडतं. आणि आमची स्क्रिप्ट तर दर ओळीला नवा सेड, नवा कट (मजकूर बदलणारे, कापणारे छोटे प्रोग्राम) बोलवायची! एकेका पोत्याला वेगळा ट्रक लावल्यासारखा कारभार. तुम्ही सगळं ऑक नावाच्या एकाच प्रोग्राममध्ये आणलंत. आता फाईल एकदाच वाचली जाते, आणि लिनक्सवरही स्क्रिप्ट आधीपेक्षा झपाट्यानं चालते, हा वरकड फायदा.

शेतकऱ्यांची नावं फायलींना देवनागरीतच हवीत, हा मालकांचा हट्ट. मला तो पटतो. पण विंडोज ती नावं यूटीएफ-१६ मध्ये ठेवतं, आमची साधनं यूटीएफ-८ मध्ये बोलतात (अक्षरं साठवायच्या या दोन पद्धती), आणि मधला एखादा जुना प्रोग्राम कोड पेजवरून, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या जुन्या तक्त्यावरून, वाचायला गेला की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. तो प्रोग्राम शोधून तुम्ही बदललात.

दिवाणजींना विचाराल तर ते वेगळंच सांगतील. युनिक्सवर कुणी उघडून ठेवलेल्या फाईलच्या जागी नवी फाईल बिनबोभाट ठेवता येते. विंडोजवर पट्टीची पीडीएफ उघडी असली की बहुतेक वेळा ती बदलताच येत नाही. स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाही) म्हणून थांबायची आणि दिवाणजी माझ्यावर उखडायचे. आता पट्टी आधी तात्पुरत्या फाईलमध्ये तयार होते, मग थोडं थांबून पुन्हा पुन्हा जागेवर ठेवून बघितली जाते. तरीही नाही जमलं तर संदेश येतो, ‘ही पट्टी कुठंतरी उघडी आहे. बंद करून ओके दाबा.’ जुन्या कन्सोलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, जोडाक्षरं धड दिसत नाहीत म्हणून तो वेगळ्या खिडकीत दाखवायचं तुम्हालाच सुचलं. दिवाणजी आता फोन करत नाहीत. स्वतःच खिडकी बंद करतात.

पैशांचं विचारलं तर तुम्ही भडंग मागितलंत. ते पाठवलंय, तिखट आणि साधं, दोन्ही.

शेजारच्या दुकानदारालाही हे बसवून हवंय. त्याच्याकडे अजून विंडोज ७ आहे, आणि एमसिस-२ आता त्यावर चालत नाही. हे त्याला मीच सांगतो, तुम्हाला त्रास देत नाही.

आपला,
मार्केट यार्डातला संगणकवाला