विजू, तिथं चित्र बघायला कुणी आलंच नव्हतं

पुणे, रविवार रात्र

प्रिय विजू,

परवा फोनवर तू बोलता बोलता जे म्हणालास ते अजून डोक्यातून जात नाहीये. "एनएफटीत माझ्या चित्रांकडं कुत्रं फिरकलं नाही, तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला" असं म्हणालास आणि लगेच ऊसबिलाचा विषय काढलास. फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू हो हो म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायलाच बसलो. लांबणार आहे, निवांत वाच.

तू मनाशी असं धरून बसलायस की २०२१ मध्ये अख्ख्या जगातले श्रीमंत लोक एनएफटीच्या, म्हणजे मालकीच्या डिजिटल नोंदीच्या रूपात डिजिटल चित्रं विकत घेत होते, त्यात तुझीपण होती, ती कुणी घेतली नाहीत, म्हणजे ती घेण्यालायक नव्हती. हे साफ चुकीचं आहे रे. त्या बाजारात चित्र हा माल नव्हताच, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, ते सगळं चालायचं कसं ते बघितलं तर तुलाच पटेल.

सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती हे आधी सांगतो. मे २०१४ ला न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमच्या एका कार्यक्रमासाठी केविन मकॉय हा कलाकार आणि अनिल डॅश हा तंत्रज्ञ यांची जोडी लावली होती, त्यांनी रात्रभर बसून एक गोष्ट बनवली, एनएफटीची सुरुवात तिथली. डिजिटल काम नेटवर कॉपी होत फिरतं, करणाऱ्याचं नावसुद्धा राहत नाही, तर मूळ काम कुणाचं याची कायमची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नसलेल्या सामायिक डिजिटल वहीत, करता यावी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. म्हणजे तुझ्यासारख्यांसाठीच. पण अख्खं चित्र ब्लॉकचेनवर मावत नव्हतं, म्हणून त्यांनी चित्राऐवजी चित्राची लिंक तिथं टाकली. एका रात्रीची तात्पुरती सोय. डॅशने २०२१ मध्ये स्वतःच लिहिलं की पुढं करोडोंचा धंदा उभा राहिला तरी बहुतेक लोक तोच शॉर्टकट वापरत राहिले. म्हणजे सातबारा तुझ्या नावावर, पण जमीन कुठंय ते विचारायला दुसऱ्या गावच्या माणसाकडं जायचं आणि तो जिवंत आहे तोवरच उत्तर मिळणार.

हे नुसतं बोलायला नाही बरं का. क्लोनएक्स नावाचं वीस हजार डिजिटल चेहऱ्यांचं कलेक्शन होतं, आर्टिफॅक्ट कंपनीचं, ती कंपनी नायकेनं विकत घेतली, ताकाशी मुराकामीसारखा मोठा जपानी कलाकार त्यात होता, चेहरे लाखो रुपयांना जायचे. नायकेनं ते दुकान बंद करायचं जाहीर केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये एक दिवस लोकांनी आपलं वॉलेट, म्हणजे एनएफटी ठेवायचं डिजिटल पाकीट, उघडलं तर चेहरा गायब, नुसती काळी चौकट आणि त्यात पांढऱ्या अक्षरात सर्व्हर कंपनीची सूचना, की हा मजकूर रोखलाय, साध्या प्लॅनमध्ये असा वापर नियमात बसत नाही. नंतर त्यांनी चित्रं दुसरीकडं हलवली, पण विचार कर, लाखो रुपये मोजून घेतलेली मालकी आणि चित्र दिसणार की नाही ते कुणाच्या तरी सर्व्हरच्या प्लॅनवर.

आता किंमत कशी ठरायची ते बघ, कारण तुझा सगळा गैरसमज तिथं आहे. क्रिप्टोपंक्स तुला माहितीयेत, चोवीस बाय चोवीस पिक्सेलचे चेहरे, २०१७ मध्ये लार्व्हा लॅब्सने दहा हजार बनवले आणि जवळजवळ सगळे फुकट वाटले, फक्त गॅस फी, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंद करायचा खर्च, तेवढा भरायचा. त्यात एलियन फक्त ९, माकडं २४, झोंबी ८८, बाकीची माणसं. कॉम्प्युटरनं टोपी, चष्मा, सिगरेट असे तुकडे जुळवले आणि कुठला तुकडा किती दुर्मिळ त्यावर भाव ठरला. मास्क लावलेला एक एलियन जून २०२१ ला सदबीजच्या लिलावात १ कोटी १७ लाख डॉलरच्या वर गेला. त्यात रेषा कशी आहे, रंग कसा आहे हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. बोर्ड एप्स या माकडांच्या चित्रांच्या कलेक्शनचं तेच. एप्रिल २०२१ मध्ये एक माकड ०.०८ इथरला (इथर हे क्रिप्टो चलन), म्हणजे साधारण दोनशे डॉलरला, वर्षभरात सगळ्यात स्वस्त माकड दीडशे इथरच्या आसपास. त्यांच्या डिस्कॉर्डच्या चॅट ग्रुपवर रात्रंदिवस चर्चा एकच, फ्लोर किती, फ्लोर किती. फ्लोर म्हणजे त्या ढिगातल्या सगळ्यात स्वस्त नगाचा भाव. तुझ्या तालमीच्या चित्राला फ्लोर कुठला असणार विजू? ते एकच आहे! पहाटेचा लाल हौदा, माती अंगाला लावून बसलेला पैलवान, त्याचा तो मोडलेला कान, आणि वरच्या झरोक्यातनं येणारा उजेड तू रंग न लावता कोरा कागद सोडून काढलायस. त्या कानासाठी तू किती सकाळी तालमीत जाऊन बसायचास ते मला माहितीय. ते चित्र दहा हजार नगांच्या ढिगात बसत नाही, आणि ढिगात बसत नाही त्याचा तिथं सट्टा लावता येत नाही.

बीपलचं उदाहरण तू नेहमी देतोस, की चित्रकाराला ६ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. मिळाले, मार्च २०२१, क्रिस्टीजच्या लिलावात. पण घेणारा कोण? विघ्नेश सुंदरेसन, मूळचा तमिळनाडूचा, सिंगापूरला राहणारा, मेटाकोवन नावानं वावरणारा क्रिप्टोवाला. त्यानं त्याआधीच बीपलची वीस कामं घेऊन, त्या साठ्याचे बी२० नावाचे टोकन, म्हणजे डिजिटल शेअरसारखे वाटे, बनवून लोकांना विकले होते आणि बीपललाही त्यातला थोडा हिस्सा दिला होता. लिलावाच्या सुमारास ते टोकन चढलं आणि पुढच्या काही महिन्यांत मातीमोल झालं. बीपलनं मिळालेलं इथर लगेच डॉलरमध्ये करून घेतलं आणि हा फुगा आहे असं त्याच महिन्यात उघड बोलला. मी त्याला नावं ठेवत नाही, वर्षानुवर्षं रोज एक चित्र करणारा माणूस आहे तो, मेहनती आहे. पण तो लिलाव बघून "चित्रकारांचे दिवस आले" असं जगभरच्या पोरांना सांगितलं गेलं आणि ती पोरं स्वतःच्या खिशातनं गॅस फी भरत राहिली, त्याचा मला खरंच राग येतो. तुझेपण काही हजार नुसते चित्रं चढवण्यात गेले, विकायच्या आधी. सिस्टीम आपल्यासारख्यांच्याच खिशावर चालली होती.

आणि चोरी. जानेवारी २०२२ मध्ये ओपनसी या सगळ्यात मोठ्या साईटनं स्वतः सांगितलं की त्यांच्या फुकट मिंट करायच्या, म्हणजे एनएफटी बनवायच्या, सोयीतून आलेल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त गोष्टी चोरलेल्या, बनावट किंवा स्पॅम होत्या. वारलेल्या एका चित्रकर्तीचं काम चोरून विकायला ठेवल्याचंही उघड झालं होतं. ज्या गोष्टीचा जन्म चित्रकाराचं नाव टिकावं म्हणून झाला तिथं हे.

सगळ्यात जास्त जे लागलं ते रॉयल्टीचं. तू मला समजावून सांगितलं होतंस आठवतंय, की एकदा विकलं की पुढं कितीही वेळा हातोहात गेलं तरी दर वेळी पाच-दहा टक्के तुला, कायम, आपोआप. हुसेन-रझांची चित्रं पुढं करोडोंना विकली गेली तेव्हा मूळ चित्रकाराच्या हातात काय आलं, असं तू म्हणायचास, आणि ते बरोबरच होतं, मलापण तो मुद्दा पटला होता. पण हे आपोआप वगैरे काही नव्हतं रे. एनएफटीच्या मूळ नियमात रॉयल्टी नव्हतीच, साईट मनानं देत होती म्हणून मिळत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लर नावाची साईट आली, ट्रेडर लोकांना खूश करायला तिनं रॉयल्टी जवळपास उडवली, गिऱ्हाईक तिकडं पळालं आणि ऑगस्ट २०२३ ला ओपनसीनंपण सक्ती काढून टाकली. चित्रकाराला दिलेला एकमेव खरा शब्द, तोच मोडला.

पडझड तोवर झालीच होती. मे २०२२ मध्ये टेरा हे क्रिप्टो चलन कोसळलं, नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज बुडालं. ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीच्या पहिल्या ट्वीटचं एनएफटी २९ लाख डॉलरला घेतलेल्या माणसानं एप्रिल २०२२ मध्ये ते ४ कोटी ८० लाखांना विकायला काढलं तर बोली तीनशे डॉलरचीपण आली नव्हती. सप्टेंबर २०२३ च्या एका पाहणीत ७३ हजार कलेक्शन तपासली, त्यातल्या पंच्याण्णव टक्क्यांची किंमत शून्य. विजू, शून्य. आपल्याकडं तर एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ तीस टक्के कर, एकातला तोटा दुसऱ्यात वळता करायची सोय नाही, म्हणजे ज्यांनी घेतलं त्यांचे हाल वेगळेच. तर ज्यांची हातोहात विकली गेली त्यांच्याही वाट्याला शेवटी हेच आलं, मग न विकलं गेल्याचं एवढं काय घेऊन बसायचं.

एक मात्र कबूल, सगळंच तसं नव्हतं. हिक एट नंक म्हणून एक साईट होती, ब्राझीलच्या राफाएल लिमानं मार्च २०२१ मध्ये काढलेली, इथेरियम या नेहमीच्या ब्लॉकचेनवर नाही तर तेझोस या दुसऱ्या ब्लॉकचेनवर, तिथं चित्र चढवायला अगदी किरकोळ पैसे लागायचे. जगभरचे कलाकार तिथं एकमेकांची कामं चार-पाच डॉलरला घ्यायचे, बघायचे, बोलायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यानं ती अचानक बंद केली तर लोकांनी स्वतः परत उभी केली. तू तिथं असतास तर तुझा अनुभव वेगळा असता असं मला मनापासून वाटतं. माणसं चित्रं घ्यायला तयार होतीच, तू जिथं गेलास तिथं ती नव्हती.

कोल्हापूरच्या आबालाल रहमानांनी तिथलं कोटीतीर्थ तळं ज्या जलरंगात रंगवलं ते माध्यम तू हातात धरलंयस, त्याच गावात राहतोस. वर्षभर ब्रशला हात लावला नाहीस असं वहिनी म्हणाल्या, ते ऐकून फार वाईट वाटलं. एका सट्टेबाजारानं बघितलं नाही म्हणून ब्रश खाली ठेवायचा का? ते तालमीचं चित्र मला पाहिजे, भेट म्हणून नाही, विकत. किंमत तू सांगायची आणि दोस्ती म्हणून कमी सांगितलीस तर भांडण होईल.

त्या वॉलेटच्या बारा शब्दांच्या कागदाचं विचारत होतास, ती त्या वॉलेटची किल्लीच आहे, तो नीट ठेव, कुणाला दाखवू नकोस. "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा" असे मेसेज येतात हल्ली, त्यांना उत्तरच देऊ नकोस, एकदा फसलेल्यांनाच गाठतात ते. आणि बालगंधर्वच्या कलादालनाची चौकशी मी करतो, तारखा, भाडं काय ते. तू फक्त कुठली चित्रं लावायची ते ठरव आणि फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिल्या