केळं, फोटो आणि प्रतिफळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिलं आहे की ख्रिस्ती माणूस करतो ती सेवा म्हणजे स्वर्गातली एफडी. आज दवाखान्यात केळी वाटायची, वर गेल्यावर व्याजासकट उचलायची. वाचून आधी हसू आलं. मग लागलं, कारण केळी मीही वाटली आहेत.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भगिनी इथल्याच एका रुग्णालयात गेल्या होत्या. डोक्यावर लाल टोप्या, एका हातात टोपली, दुसऱ्यात फोन. मी एका म्हाताऱ्या बाबांच्या हातात केळं ठेवलं आणि ते सोडायच्या आत कॅमेऱ्याकडे पाहिलं. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा काढला. तो झाल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "बेनजी, फोटू हुई गयो वे तो केलो पाछो लई लो, म्हारे शक्कर की बीमारी हे." चार पावलांवर त्यांची सून उभी होती, तिला विचारायचंही मला सुचलं नव्हतं. तो फोटो आमच्या मंडळीच्या फोनवरच्या गटात अजून आहे. खाली बावीस जणींनी 'आमेन' लिहिलं आहे.

तेव्हा पत्रलेखकाने मला तरी बरोबर ओळखलं. ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात पुढे तुतारी वाजवत दानधर्म करणाऱ्यांना टोकलं होतं. ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत, असं तो म्हणतो. माझी तुतारी खिशात मावते, एवढाच फरक.

पण एफडीचा हिशोब मला पुरता पटत नाही. प्रतिफळाची भाषा पवित्र शास्त्रात आहे, ती कशाला लपवू? त्याच प्रवचनात, गुप्तपणे देणाऱ्याला पिता प्रतिफळ देईल असंही म्हटलं आहे. येशूचा शिष्य पेत्र याने तर सरळ विचारलं होतं, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? जब्दीची दोन मुलंही शिष्यच, त्यांना येशूच्या गौरवात उजवी-डावी खुर्ची हवी होती, आणि बाकीचे दहा शिष्य रागावले. का रागावले असतील, हे आपल्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला बसणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

मला सगळ्यात जवळची वाटते ती लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट. आपण तिला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट म्हणतो आणि जखमी प्रवाशापासून सुरुवात करतो. खरी सुरुवात एका शास्त्र्याच्या प्रश्नाने होते: सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी मी काय करू? प्रश्न चक्क स्वतःपुरता आहे. येशू त्याला स्वार्थी म्हणून हाकलत नाही. तो त्याला यरुशलेमहून यरीहोच्या उतारावर नेतो आणि अर्धमेला माणूस दाखवतो. याजक बाजूने निघून जातो, मंदिरातला सेवक लेवीही जातो. यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी मात्र जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत रात्रभर सांभाळतो, सकाळी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि वर सांगतो, जास्त लागले तर परत येताना देईन. शास्त्री विचारत होता, माझा शेजारी कोण? येशू विचारतो, ह्या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? इतक्या बारकाव्यांत शास्त्र्याचं सार्वकालिक जीवन कुठे गेलं, ते त्याच्याही लक्षात राहिलं नसावं.

आणि आमच्याकडे? दर बुधवारी प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठ्यांची पेटी मी उघडते. मुलाचा व्हिसा, सुनेचं बाळंतपण, राजेंद्रनगरच्या फ्लॅटचं कर्ज. मागायला माझी हरकत नाही, मीही गुडघ्यासाठी मागते. पण गेल्या बुधवारी एकतीस चिठ्ठ्यांत घराबाहेरच्या माणसासाठी फक्त एक होती, आणि ती रविवारशाळेतल्या एका मुलीने तिच्या रिक्षावाल्या काकांसाठी लिहिली होती. चर्चमध्ये उभं राहून लोक आपला अनुभव सांगतात, त्या साक्षीही तशाच: मला मिळालं, माझं झालं. टीव्हीवरचे काही उपदेशक 'बीज पेरा, शंभरपट घ्या' म्हणतात, तेव्हा पत्रलेखकाची एफडी अक्षरशः खरी होते. पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चिठ्ठ्या पैशाने मिळत होत्या म्हणून १५१७ मध्ये जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उठला, त्याच्या नावाच्या पंथातही हे ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं.

तरी स्वतःचं दुःख आणि दुसऱ्याचं दुःख यांच्यामध्ये भिंत असते असं मी मानत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशीपोटी आईवडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि इथल्या उपाशी मुली-बायकांना घेऊन गेल्या. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. आपली भूक त्या विसरल्या असत्या, तर कदाचित आल्या नसत्या.

आणि आपल्याच भागात काम केलेली कॅथलिक जोगीण, सिस्टर राणी मारिया. उदयनगरच्या आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं काम करणारी ही केरळची बाई, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये तिच्यावर वार करून तिला ठार मारलं. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात कॅथलिक चर्चने राणी मारियाला 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, त्या दिवशी मी मैदानावर होते. आम्ही कॅथलिक नाही, तरी गेलो. शेजारच्या बाई मुलाच्या नोकरीसाठी तिच्याकडे मागत होत्या. मी मनात काय मागितलं, ते नाही सांगत. राखी बांधणाऱ्या बहिणीला कुठल्या खात्यात व्याज मिळणार होतं, हे पत्रलेखकांनी सांगावं, एवढीच विनंती.

यंदा नाताळला केळी नाहीत. आमच्या मंडळीतल्या एक मावशी, ज्यांनी आयुष्यभर आयाचं काम केलं, त्या रुग्णालयातल्या, ज्यांना कुणी नातेवाईक नाही अशा बायकांचे केस विंचरायला दर शनिवारी एकट्याच जातात. हे मला गेल्या महिन्यात कळलं, तेही चुकून. त्यांना विचारलं तर यादी दिली: खोबरेल तेल, कंगवे, नेलकटर, मऊ पंचे. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'फोन घरी ठेवावा.' त्या ओळीवर गटात अजून चर्चा चालू आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर