जिम अ‍ॅबटकडे पिचर म्हणून पाहा

महोदय,

अमेरिकी बेसबॉलमधील पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) जिम अ‍ॅबटचा उल्लेख होतो तो जन्मतः उजवा पंजा नसलेला खेळाडू म्हणून. फार तर ४ सप्टेंबर १९९३ चा सामना आठवला जातो, ज्यात यांकीज संघाकडून खेळताना त्याने क्लीव्हलँड संघाला एकही हिट (चेंडू टोलवून बेस गाठणे) मिळू दिला नाही. मला त्याचे रोजचे काम अधिक मोलाचे वाटते. ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर ठेवून डाव्या हाताने चेंडू टाकायचा आणि तो फलंदाजापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच डावा हात ग्लोव्हमध्ये सरकवायचा. चेंडू अडवला की ग्लोव्ह काखेत दाबून चेंडू काढायचा आणि लगेच फेकायचा! समोरचे संघ मुद्दाम हलके टोलवून त्याला अडचणीत आणू पाहत; तो पुरून उरला. बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावरही नोंदले जातात. १९९१ मध्ये एंजल्स संघासाठी त्याने १८ सामने जिंकले. १९९६ मध्ये २ विजय आणि १८ पराभव. एकूण ८७ विजय, १०८ पराभव. हे पराभवही लिहावेत, कारण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, दहा मोसम कुणी दयेपोटी खेळवत नाही. दिव्यांग खेळाडूंविषयी छापताना आपल्या क्रीडा पानाने त्यांचे तंत्र आणि आकडे आधी द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा